नाव ठेवण्याच्या रीती
(बी. ए. द्वितीय वर्ष)

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत मराठीने एका मात्रेचेच अंतर ठेवले आहे. दुसरी गोष्ट आपण रोज करतो. पहिली आयुष्यात एकदाच होते, असा माझा समज होता. माझ्या आईचे नाव मात्र दोनदा ठेवले गेले. त्यावरूनच हा विषय सुचला.

आमच्या मानवतला बाराव्या दिवशी बारसे होते. बाळाला पाळण्यात घालतात आणि आत्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते. हा मान आत्याचाच. पंचांग पाहणाऱ्या घरी पहिले अक्षर जन्मनक्षत्रावरून निघते. नक्षत्रे २७, प्रत्येकाचे चरण ४, म्हणून अक्षरे १०८. अश्विनीची चू, चे, चो, ला. मुस्लिम शेजाऱ्यांकडे बाळाच्या कानात आधी अजान देतात आणि सातव्या दिवशी अकीका करतात. मराठवाड्यात त्यांची नावे 'शेख सलीम शेख करीम' अशी लिहितात. पहिला मुलगा, दुसरा बाप.

काही नावे भीतीपोटी ठेवली जातात. माझ्या वडिलांच्या आधीची दोन भावंडे पाळण्यातच गेली. म्हणून वडील जन्मताच आजीने त्यांना उकिरड्यावर ठेवले. शेजारणीने उचलले, आणि पसाभर ज्वारी देऊन आजीने आपलेच लेकरू विकत घेतले. नाव ठेवले धोंडिबा. दगडू, कचरू, उकिरडा ही नावे अशीच. मूल टाकाऊ समजून मृत्यूने सोडून द्यावे, एवढाच हेतू. त्यात माया आहे. 'नकोशी' या नावात मात्र ती नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली.

घाना देशातील अकान लोक वारावरून नाव ठेवतात. शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. आपल्या आदिवासी भागातही सोम्या, बुध्या आहेतच. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते. बापाच्या किंवा आईच्या नावापुढे 'चा मुलगा', 'ची मुलगी' अशा अर्थाचा शब्द जोडतात. लग्नानंतरही बाईचे नाव तेच राहते. हे वाचले आणि मला आई आठवली.

आई माहेरची कौसल्या. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'लक्ष्मी' लिहिले गेले. बापाच्या जागी नवरा आला, आडनावही गेले. एका दिवसात तिन्ही नावे बदलली. माझ्या शिष्यवृत्तीच्या वेळी एका कागदावर कौसल्या, दुसऱ्यावर लक्ष्मी निघाली आणि अर्ज परत आला. "या दोन बाया कोण?" असे तेथे विचारले. आई म्हणाली, "दोन्ही मीच." घरातली मी पहिलीच कॉलेजात आलेली, पण त्या वेळी मलाही याहून चांगले उत्तर सुचले नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम आहे. गेल्या वर्षी भावाला मुलगी झाली. आत्या म्हणून नाव मीच सांगितले. फॉर्म भरताना भाऊ अडला. वहिनीचेही नाव लग्नात बदललेले. "कोणतं लिहू?" त्याने विचारले.

चुलीपुढून आई म्हणाली, "तिच्या आईबापानं ठेवलेलं लिही."

भावाने तेच लिहिले.