मुशीच्या पोटातली खडी

लेस्टरला असलेल्या भाच्याचा रविवारी फोन आला. तिकडे एका जतन केलेल्या वाफेच्या रेल्वेवर तो सुट्टीच्या दिवशी फुकट राबतो, आणि आता त्याला खडीच्या वाघिणीवर उभं करणार आहेत. "मामा, तू जन्मभर हेच केलंस ना? मग सांग कसं ते." दिवा स्टेशनाजवळ राहून फोनवर सलग पाच मिनिटं बोलणं होत नाही. एक फास्ट धडधडत जाते, तिच्यामागून मालगाडी. म्हणून हे लिहून पाठवतोय.

आधी तुझी वाघीण ओळखून घे. तिकडे रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्याने वाघिणींना माशांची नावं दिली होती, तारेने निरोप पाठवताना घोळ होऊ नये म्हणून. तुझ्या वाट्याला आलेली डॉगफिश म्हणजे आपल्या बाजारातली मुशी. चार चाकं, 24 टन माल, बूड उतरतं. एका टोकाला उभं राहायला फळी आणि तिथे तीन हातचाकं: एक मधल्या तोंडाचं, दोन बाजूंच्या तोंडांची. मधलं तोंड दोन रुळांच्या मध्ये खडी टाकतं, बाजूची तोंडं रुळांच्या बाहेर, खांद्यावर. कुठलं चाक कुठल्या तोंडाचं आणि कुठल्या बाजूला फिरवलं की उघडतं, हे वाघीण रिकामी असताना फिरवून बघ आणि खडूने बाण काढून ठेव. अंधारात, धुळीत आणि घाईत डोकं चालत नाही, बाण चालतो.

मग खडी बघ. आमच्याकडे मशीनवर फोडलेल्या खडीचा नियम असा: 65 मिलिमीटरच्या चाळणीवर 5 टक्क्यांपेक्षा जास्त राहता कामा नये, 40 च्या चाळणीवर 40 ते 60 टक्के राहावी, आणि 20 च्या चाळणीवर किमान 98 टक्के. म्हणजे खाली भुकटी जवळजवळ नकोच. भुकटी पाणी धरून ठेवते, आणि पाणी धरलेला रूळ गाडीखाली चिखल ओकतो. आमचा दिवा खाडीकाठचा, खाजणात भराव टाकून रूळ नेलेले, त्यामुळे चिखल काय असतो ते मला नको सांगूस. दगड कोनदार हवा. नदीतले गुळगुळीत गोटे एकमेकांत अडकत नाहीत. आमच्याकडे सह्याद्रीचा काळा फत्तर. तुमच्याकडे लेस्टरजवळच माउंटसॉरेलचा ग्रॅनाइट निघतो, गुलाबीसर, टणक. फक्त ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचा अंश बराच, त्याची धूळ फुफ्फुसाला वाईट. खडीवर आधी पाणी मार आणि तोंडाला मास्क लाव. आम्ही रुमाल बांधायचो, तो काही उपाय नव्हे.

हिशेब घरूनच करून जा. शंभर मीटर रूळ पाच सेंटीमीटर उचलायचा असेल, तर साडेतीन मीटर रुंदी धरून साडेसतरा घनमीटर खडी लागते. घनमीटरला साधारण दीड टन धरलं तर सव्वीस टन झाले. तुझी एक वाघीण शंभर मीटरच्या जरा आधीच संपेल. वळणावर बाहेरच्या खांद्याला जास्त टाक, रूळ तिकडेच सरकू पाहतो. किती कुठे टाकायची त्याच्या खुणा स्लीपरवर आधीच चुन्याने करून ठेव. जिथे टाकायची नाही, तिथे तर नक्कीच: सांध्यांवर (गाडी रूळ बदलते तिथे), फाटकावर, पुलावर. दिव्याचं फाटक ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे पाटीभर खडी सांडली तरी आधी रिक्षा अडतात आणि मग गाड्या.

ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून रूळ कामाला दिलेला वेळ, हातात आल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. आमच्या डोक्यावर 25,000 व्होल्टची तार, त्यामुळे वीज बंद झाल्याचा कागद मिळेपर्यंत वाघिणीवर कोणी चढायचं नाही. तुझ्याकडे वाफेचं इंजिन, तार नाही, पण चालत्या वाघिणीच्या माथ्यावर चढायचं कारण तिथेही नाही.

आता खरं काम. ड्रायव्हरला इशारा एकानेच करायचा. बाकीच्यांनी काही दिसलं तर त्या एकाला ओरडून सांगायचं. गाडी माणसाच्या चालीने हलू दे. ती हलायला लागल्यावरच दार उघड, आधी कधीच नाही. उभ्या गाडीखाली दार उघडलं की खडीचा ढीग चाकाला टेकतो आणि पुढच्या हिसक्याला चाक त्यावर चढतं. आधी थोडंसं उघड, धार कशी पडते ते बघ, मग वाढव. डावी-उजवी तोंडं जोडीने चालव. एकाच बाजूने रिकामी झालेली वाघीण कलते, आणि कललेली वाघीण वळणावर रूळ सोडते.

आम्ही शेवटच्या वाघिणीपासून सुरुवात करायचो, म्हणजे सांडलेल्या खडीवरून कमीत कमी चाकं जायची. तुमच्याकडे शेवटी शार्क नावाची ब्रेकव्हॅन असते, तिच्या पोटाखाली नांगर. तो खाली सोडला की रुळांवर आलेली खडी आपोआप बाजूला सरते. हे आमच्या गँगला कधी मिळालं नाही, आमचा नांगर म्हणजे वीस माणसं आणि वीस पंजे. सांधा यायच्या आत नांगर उचल, हे मात्र विसरू नकोस.

दार अडकलं तर? अडकतंच. मोठा दगड तोंडात आडवा बसतो. एका रात्री मी स्वतः पहार घालून खालून तसा दगड फोडायला गेलो. तो निघाला, आणि त्याच्यामागून सगळी वाघीण एका जागी खाली आली. गाडी उभी होती. ब्लॉक संपायला पाऊण तास. घमेल्यांनी खडी उपसताना मुकादम एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं. म्हणून दगड अडकला तर चाक थोडं मागे फिरव, गाडी हात-दोन हात हलवून घे, मग पुन्हा उघड. खाली हात किंवा पहार घालायची नाही. दार बंद करायचं तेही धार पातळ झाल्यावर. भरल्या धारेत ओढून लावलंस तर खडी फटीत चेपते आणि दार पुरतं बसत नाही.

खडी पडली की चालत मागे जा. रुळाचा माथा मोकळा हवा, रुळाच्या आतल्या कडेला चाकाची कडा जाते ती जागा मोकळी हवी, सांध्याच्या फटीत एक खडा नको. एका खड्याने सांधा लागत नाही. स्लीपरखाली खडी ठोकून बसवल्याशिवाय गाड्यांना वेगाने सोडू नका, नवी खडी काही दिवस बसत राहते.

घरी जायच्या आधी तिन्ही चाकं बंद करून खिट्टी लाव आणि दारांच्या कडा हाताने चाचप. हातमोजा घालून.