दुसरी सदनिका घेण्यापूर्वी

बालकाचे वजन एकदाच पाहून आपण त्याच्या वाढीचा निष्कर्ष काढत नाही. सदनिकेबाबत मात्र ‘भाव वाढला’ एवढ्यावर समाधान मानतो. ६० लाखांच्या सदनिकेचे मासिक भाडे १५,००० रुपये असल्यास वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये, म्हणजे अवघे ३ टक्के. त्यातून देखभालखर्च, मालमत्ता कर व रिकामे महिने वजा होतात. कर्जाचे व्याज तर याच्या दुपटीहून अधिक. माझ्या आजारपणात दवाखाना दोन महिने बंद होता. हप्ता थांबला नाही आणि सदनिकेला गिऱ्हाईकही मिळेना. म्हणून व्यवसायबंधूंनी प्रथम सहा महिन्यांचा घरखर्च व हप्ते बँकेत राखावेत, नव्या प्रकल्पाची २०१६ च्या रेरा कायद्याखालील नोंदणी तपासावी. मगच इसार द्यावा.