नुकसानीची मोजदाद

पूर, वादळ व भूकंप यांचीं वर्णनें आपण वर्तमानपत्रांत पुष्कळ वाचतों. परंतु पाणी ओसरल्यावर किंवा जमीन स्थिर झाल्यावर जें काम सुरू होतें, त्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. कोणाचें किती गेलें, हें ठरविण्याचें तें काम होय. दिसावयास तें रुक्ष व कागदी असतें. तथापि एखाद्या कुटुंबास मदत मिळणार कीं नाहीं, आणि आज रात्रीं त्यानें आपल्या छपराखालीं निजावें कीं नाहीं, हें त्यावरच अवलंबून असल्यामुळें त्याची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत ठेवावा. घर राहण्यास सुरक्षित आहे काय, हा एक प्रश्न; आणि नुकसान किती रुपयांचें झालें, हा दुसरा. चिखलानें भरलेल्या घराच्या भिंती शाबूत असूं शकतात. आणि ज्या घरांतील एक पेलाही फुटला नाहीं, त्याची भिंत उद्यां कोसळण्याच्या बेतांत असूं शकते. कॅलिफोर्नियांत १९८९ सालीं केवळ पहिल्या प्रश्नापुरती एक पद्धति प्रसिद्ध झाली. तींत तपासनीस दारावर हिरवी, पिवळी किंवा तांबडी पाटी लावतो. हिरवी म्हणजे वापरास हरकत नाहीं, पिवळी म्हणजे मर्यादित वापर, आणि तांबडी म्हणजे आंत पाऊल ठेवूं नये. तांबडी पाटी लागलेलें घर पाडलेंच पाहिजे असें मात्र नव्हे.

डोळ्यांस मजबूत दिसणारें घर किती फसवूं शकतें, हें किल्लारीच्या भूकंपानें दाखविलें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (हल्लींचा धाराशिव) या जिल्ह्यांत झालेल्या त्या भूकंपांत सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. तेथील जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या व खूप रुंद, आणि वर मातीचें जड माळवद. अशी भिंत किल्ल्याच्या तटासारखी वाटे. वास्तविक ती एक भिंत नसून दोन पातळ भिंती असत. मध्यें दगडगोटे व माती यांचा भराव, आणि दोन्ही अंगांस सांधणारे लांब दगड बहुधा नसतच. हादऱ्यासरशीं तीं अंगें एकमेकांपासून सुटलीं. कित्येक घरांत लांकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या, आणि भिंती तेवढ्या ढासळल्या.

यावरून पाहणी कशी करावी तें कळतें. आंतून सारवलेली गुळगुळीत भिंत बाहेरून फुगलेली असूं शकते, म्हणून ती दोन्ही बाजूंनीं पहावी. गवंड्याचा ओळंबा सोडावा, म्हणजे कललेली भिंत लपत नाहीं. केसाएवढी भेग केवळ गिलाव्याची असेल. पण तीच भेग आंत व बाहेर एकाच जागीं दिसली, किंवा खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी वर गेली, तर जाणत्या अभियंत्यास दाखविल्यावांचून तेथें निजूं नये. काल सहज लागणारें दार आज चौकटींत अडकूं लागलें, तर तीही एक साक्षच. पुरांत भिजलेली मातीची भिंत तर पाणी उतरल्यावरही पडते; म्हणून सूर्य दिसला म्हणजे धोका टळला असें समजूं नये.

आतां दुसरा प्रश्न. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठी नदीच्या पुरानें चिपळूणची बाजारपेठ बुडाली. कित्येक ठिकाणीं पुरुषभराहून अधिक पाणी होतें. पाणी उतरल्यावर आम्ही तेथें आमच्या मावसबंधूंच्या कापडदुकानीं मदतीस गेलों. रस्त्यांत चिखल, आणि दुर्गंधि तर सांगवत नाहीं. साहजिकच आम्हीं सर्वांनीं मिळून पहिली गोष्ट केली ती ही, कीं भिजलेले तागे ओढून बाहेर टाकले. सायंकाळपर्यंत ते कचऱ्याच्या गाडींतून गेलेही. दोन दिवसांनीं पंचनाम्यासाठीं माणसें आलीं व विचारूं लागलीं, "येथें माल किती होता?" दुकान स्वच्छ धुतलेलें, वहीखात्याचा लगदा झालेला. आमच्या उत्साहानें पुरावाच धुवून काढला होता! वहिनींनीं आठवून आठवून तागे सांगितले खरे, पण आठवणीवर कोण किती विश्वास ठेवणार? अखेर घाऊक व्यापाऱ्यांकडून बिलांच्या प्रती मागविल्या, तेव्हां कोठें आंकडा उभा राहिला. स्वच्छता टाळावी असें आम्ही म्हणत नाहीं, रोगराईच्या भयानें ती करावीच लागते. पण फावडें उचलण्यापूर्वीं दाराबाहेरून, प्रत्येक भिंतीवरून व प्रत्येक फळीवरून छायाचित्रें घ्यावींत, आणि पाण्याची चिखलरेषा जोत्यापासून किती फूट वर आहे हें मोजून लिहावें.

विमा असेल तेथें गणिताचा थोडा भाग येतो. दुकानांत ४ लक्षांचा माल असून विमा ३ लक्षांचाच उतरला असेल, आणि २ लक्षांचा माल बुडाला, तर विद्यार्थी म्हणेल, दोन्ही लक्ष मिळतील. सर्वसाधारण नियम तसा नाहीं. विमा तीनचतुर्थांश, म्हणून भरपाईही तीनचतुर्थांश, म्हणजे दीड लक्ष. (कांहीं नव्या विमापत्रांत यास थोडी सूट असते.) शिवाय माल सामान्यतः खरेदीच्या किंमतीनें धरतात, आणि धुऊन सुकवून विकतां येण्याजोगें कापड असल्यास त्याची किंमत वजा करितात. दुकान महिनाभर बंद राहिल्याचा तोटा तर वेगळा विमा उतरला असेल तरच मिळतो.

सरकारी मदतीची रीत निराळी. तेथें घर पूर्ण पडलें कीं अंशतः, पक्कें कीं कच्चें, अशीं ठरीव सदरें असतात, आणि अंशतः पडझड निदान १५ टक्के असावी लागते. सदरांत न बसणारें दुःख पुष्कळ असतें. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची स्थापना १८६४ ची. त्याचे ग्रंथही या पुरांत भिजले. दुसरी प्रत कोठेंच मिळत नाहीं अशा पुस्तकाची किंमत कोणत्या रकान्यांत लिहावी? भाडेकरूची गोष्टही अशीच. भिंत मालकाची, पण तिच्याआड नासलेलें धान्य, भांडीं व अंथरुणें भाडेकरूचीं. पंचनाम्यांत तीं निराळीं लिहून न घेतल्यास त्याचें कांहीं गेलेंच नाहीं असें ठरतें.

मावसबंधूंच्या मागल्या आळींत एक शिवणकाम करणाऱ्या बाई भाड्यानें राहत. दुकान नाहीं, पाटी नाहीं, परवाना नाहीं; खिडकीशीं यंत्र मांडलें म्हणजे झाला धंदा. लिहिणारा घरसामानाच्या यादींत "शिलाईयंत्र १" एवढेंच लिहून उठूं लागला. वहिनींनीं त्यास थांबवून म्हटलें, "भाऊ, हें सामान नव्हे, यावर ह्यांचें घर चालतें." त्यानें तसा शेरा खालीं लिहून घेतला व सही घेतली. मग त्या बाईंनीं दुसरा एक कागद पुढें केला. त्यावर गिऱ्हाइकांचीं नांवें, आणि प्रत्येकापुढें वाहून गेलेल्या कपड्यांची संख्या होती. हें कापड त्यांचें नव्हतें, म्हणून तें कोणत्याच यादींत जाईना. तो कागद त्यांनीं घडी घालून परत कनवटीस लाविला, आणि दुसऱ्या दिवसापासून एकेका गिऱ्हाइकाच्या घरीं जावयास आरंभ केला.