सासूबाई एका बाजूला का कलतात?

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, स्मृतिभ्रंश आहे. रात्री आरडाओरडा, संशय वाढला म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली. आता झोप लागते, पण हळूहळू त्या उजवीकडे कलायला लागल्यात. पावसाळी ओलीमुळे वात धरला असेल म्हणून आम्ही तेल चोळतोय. गोळीनं असं होतं का? – एक वाचक, पौड, ता. मुळशी

उत्तर : हो, होऊ शकतं. प्रकार दुर्मीळ आहे, म्हणूनच तो वातावर किंवा म्हातारपणावर ढकलला जातो. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून त्याला 'पिसा सिंड्रोम' म्हणतात; १९७२ मध्ये एकबोम आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. भास-संशयावरच्या या गोळ्या मेंदूतल्या डोपामिनला अडवतात. मन त्यानं शांत होतं, पण स्नायूंचा ताण दोन्ही बाजूंना सारखा ठेवायलाही डोपामिनच लागतं. उतारवयात ते मुळातच कमी झालेलं असतं, त्यात स्मृतिभ्रंश असला की धोका वाढतो. पुष्कळदा आपण कललोय हे रुग्णाला जाणवतच नाही, त्यामुळे घरच्यांची नजर इथे फार मोलाची. स्मरणशक्तीसाठीच्या डोनेपेझिलनंही क्वचित असं होतं.

गोळी मनानं बंद करू नका. पौडहून म्हातारीला पुण्याला नेणं किती जिकिरीचं, हे मी जाणतो. तेव्हा आधी बसलेलं, चालतानाचं, समोरून आणि पाठीमागून मोबाईलवर चित्रण करा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो काढा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. डोस कमी केला किंवा गोळी बदलली की पुष्कळांचं कलणं काही दिवसांत-आठवड्यांत ओसरतं. ही गोळी किती दिवस द्यायची, हेही तेव्हाच विचारा. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांवरच्या १७ चाचण्यांत, साधारण १० आठवड्यांत, अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५ मध्ये त्यावरून ठळक इशारा दिला. झोप लागते म्हणून ती वर्षानुवर्षं चालू राहणं मला मुळीच पटत नाही.

कलणं एकाएकी आलं, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा एक हात लुळा पडला, तर तो पॅरालिसिसचा झटका समजा. ताप, ताठरलेलं अंग, दरदरून घाम आणि गुंगी एकत्र आली, तर पुढची गोळी देऊ नका. दोन्ही वेळी लगेच १०८ ला फोन करा, आणि त्या पट्ट्या सोबत न्या.