प्रोटीनचा डबा : विकण्याआधी दुकानदाराने काय पाहावे?

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतून व्यायामशाळा वाढल्या आणि त्यांच्या पाठोपाठ प्रोटीन पावडरचे डबेही आले. पूर्वी हा माल मोठ्या शहरांतील ठरावीक दुकानांतच मिळे. आज मेडिकल स्टोअर, सुक्या मेव्याचे दुकान, जनरल स्टोअर, इतकेच काय, जिमच्या काउंटरवरही तो मांडलेला दिसतो. डबा महाग असतो, सुटणारा नफाही बरा असतो, म्हणून आपले अनेक व्यापारी बंधू या मालाकडे वळले आहेत. धंदा हलाल आहे आणि मागणीही खरी आहे. प्रश्न एवढाच, की सतरा-अठरा वर्षांचा मुलगा दुकानात येऊन ‘‘चाचा, हा डबा ओरिजिनल आहे ना?’’ असे विचारतो, तेव्हा आपण ‘‘हो बेटा’’ म्हणतो ते कशाच्या आधारावर?

मदीनेच्या बाजारातील धान्याच्या ढिगाचा प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर आपण विचारले की मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते. मालातील ऐब झाकून विकण्याबाबतचा सगळा मसला या एका प्रसंगात आला आहे. अडचण अशी की प्रोटीनचा डबा सीलबंद असतो. त्यात हात घालता येत नाही, आणि घातला तरी शिसे किंवा बुरशीचे विष बोटाला लागत नाही. येथे हाताचे काम प्रयोगशाळेचा अहवाल करतो. तो मागायचा कसा आणि त्यात पाहायचे काय, हे समजून घेण्यापूर्वी डब्यात नको ते शिरते कोठून, ते पाहू.

मोजमापातील पळवाट

पावडरमधील प्रोटीन सरळ मोजत नाहीत. त्यातील नायट्रोजन मोजतात आणि हिशेबाने प्रोटीन काढतात. ही पद्धत योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये शोधली, तीही कोपनहेगनच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, धान्य तपासण्यासाठी. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून सापडलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणले की प्रोटीनचा आकडा मिळतो.

आता जो पदार्थ प्रोटीन नाही पण ज्यात नायट्रोजन भरपूर आहे, तो मिसळला तर? मेलामाइन हे प्लास्टिकच्या ताटल्यांसाठी वापरतात ते रसायन. त्यात ६६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन या परीक्षेत चार ग्रॅमहून अधिक प्रोटीन म्हणून पास होते. चीनमध्ये दुधात पाणी घालून हेच मिसळले गेले. २००८ मध्ये ते उघडकीस आले तेव्हा सुमारे तीन लाख बालके आजारी पडली होती, अनेकांच्या मूत्रपिंडात खडे झाले होते आणि सहा बालके दगावली. सानलू ही बडी कंपनी बुडाली, २००९ मध्ये दोघांना देहदंड झाला. भारताने सप्टेंबर २००८ मध्ये चिनी दूध व दुग्धपदार्थांच्या आयातीवर बंदी घातली आणि ती पुढे वारंवार वाढवली.

प्रोटीन पावडरच्या धंद्यात आज याच पळवाटेचा सौम्य प्रकार चालतो. ग्लायसीन, टॉरिन अशी स्वस्त अमिनो आम्ले मिसळून नायट्रोजनचा आकडा फुगवतात. ती मेलामाइनसारखी विषारी नाहीत, पण गिऱ्हाइकाने २४ ग्रॅम प्रोटीनचे पैसे मोजले आणि त्याला तेवढे मिळाले नाही, तर ते मापात मारणेच झाले. तराजूची दांडी मारणारा आणि हा, दोघांत फरक कोणता?

जमिनीतून येणारे शिसे

दुसरी गोष्ट कोणी मुद्दाम मिसळत नाही, ती मालाबरोबरच येते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक हे धातू जमिनीत आणि पाण्यात असतात. वाटाणा, तांदूळ, सोयाबीन अशी पिके ते शोषून घेतात. पिकातील प्रोटीन वेगळे करून त्याची पावडर केली, की धातूंचा अंशही तिच्याबरोबर येतो. कोको पावडरमध्येही हे धातू बरेच असतात.

अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २०१० मध्ये १५ प्रोटीन पेये तपासून हा प्रश्न प्रथम गाजवला. त्याच संस्थेने २०२५ मध्ये २३ पावडरी व तयार पेये तपासली. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक मालात एका वेळच्या मात्रेतच ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे निघाले. वनस्पतीजन्य मालातील शिसे दुधापासून केलेल्या मालाच्या सरासरी नऊपट होते. ‘क्लीन लेबल प्रोजेक्ट’ या दुसऱ्या संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये १६० मालांचा अहवाल काढला. त्यातही तोच कल दिसला. शिवाय चॉकलेट स्वादाच्या पावडरीत व्हॅनिलापेक्षा चौपटीपर्यंत शिसे आढळले, आणि ‘ऑर्गॅनिक’ म्हणून महाग विकला जाणारा माल सुटला नाही. उलट त्यात शिसे जास्त होते. ऑर्गॅनिक म्हणजे खत-औषध न घातलेले. जमिनीत आधीच असलेले शिसे त्याने जात नाही.

घाबरवण्यासाठी हे आकडे दिलेले नाहीत. ०.५ मायक्रोग्रॅमची रेषा कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यातील असून ती फार कडक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याचा मूल होण्याच्या वयातील स्त्रियांसाठीचा आकडा दिवसाला ८.८ आणि मुलांसाठीचा २.२ मायक्रोग्रॅम आहे. एक डबा संपवला म्हणून कोणी आजारी पडत नाही. पण शिसे शरीरातून लवकर जात नाही, हाडांत साचते. आपला गिऱ्हाईक तर दिवसाला दोन-तीन मात्रा, तेही वर्षानुवर्षे घेतो. कल्हईच्या धंद्यातील मंडळींना हे नव्याने सांगायला नको. शुद्ध कथलाऐवजी शिसे मिसळलेले कथील वापरले तर भांडे तसेच चकाकते, आणि नुकसान कोणाला चटकन दिसत नाही. म्हणून गरोदर बाई किंवा लहान मूल यांच्यासाठी कोणी पावडर मागितली, तर डॉक्टरांना विचारा, असे सांगून गिऱ्हाईक परत पाठवण्यात कमीपणा नाही.

बुरशी आणि आपल्याकडील चाचणी

आपल्या देशातील मालाबद्दल सांगायचे तर एप्रिल २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. केरळमधील यकृततज्ज्ञाच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या. सुमारे ७० टक्के मालात लेबलवरील प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, काहींत तर सांगितल्याच्या निम्मेच प्रोटीन होते. १४ टक्के नमुन्यांत अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष सापडले आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचा अंश.

अफलाटॉक्सिन यकृतावर हल्ला करते आणि कर्करोगाला कारण होते. ओलसर शेंगदाणा, मका, सरकी यांवर वाढणारी बुरशी ते तयार करते. येथे आपल्या भगिनींच्या गृहउद्योगांना दोन शब्द सांगणे जरूर आहे. शेंगदाणा, फुटाणे, सोयाबीन दळून ‘घरगुती प्रोटीन पावडर’ आणि लाडू करून विकण्याचा चांगला उद्योग अनेक ठिकाणी सुरू झाला आहे. पण भाजल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. दळल्यावर तर खराब दाणा ओळखूच येत नाही. म्हणून काम भाजण्यापूर्वीचे आहे. शेंग पूर्ण वाळलेली हवी, ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास. आकसलेले, काळपट, हिरवट बुरशीचे, कुबट वासाचे दाणे हाताने निवडून फेकायचे. जनावरालाही घालायचे नाहीत, कारण ते विष दुधात उतरते. पोती भिंतीला आणि जमिनीला न लावता फळ्यांवर ठेवायची. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने माल थोडाच भरायचा. स्वस्तात मिळालेला ‘फुटका’ शेंगदाणा या कामाला घेऊ नये, मग भाव कितीही पाडून मिळो.

बिल हीच ढाल

आता कायद्याची बाजू. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. माल कंपनीने केला, मी तर फक्त विकला, असे म्हणून दुकानदाराला आपोआप सुटता येत नाही. कलम २७ प्रमाणे मुदत संपलेला माल विकणारा, चुकीच्या लेबलचा माल विकणारा, असुरक्षित आहे हे माहीत असून विकणारा आणि माल कोणाकडून घेतला हे सांगू न शकणारा, असे सगळे विक्रेते जबाबदार धरले जातात. यातील शेवटचा मुद्दा आपल्या लोकांना सर्वांत जास्त भोवतो. बॅग घेऊन दारात येणाऱ्या माणसाकडून बिनबिलाचा माल घ्यायचा, डब्यामागे तीनशे रुपये वाचवायचे, आणि तपासणीच्या दिवशी त्या माणसाचा फोन बंद.

याउलट कलम २६ मध्ये व्यापाऱ्याच्या फायद्याची तरतूद आहे. पुरवठादाराने विक्रेत्याला मालाच्या दर्जाची लेखी हमी दिली पाहिजे, आणि वेगळी हमी नसली तरी त्याचे बिल किंवा कॅश मेमो हीच हमी समजली जाते. म्हणजे बिल हा केवळ जीएसटीचा कागद नव्हे. त्यावर मालाचे नाव आणि बॅच नंबर लिहून घ्यावा, आणि डबा विकला जाऊन मुदत संपेपर्यंत तरी ते बिल जपावे.

पुरवठादाराकडे आणखी तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, चौदा अंकी परवाना क्रमांक. तो सरकारी संकेतस्थळावर टाकून नाव-पत्ता जुळतो का पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे. दुसरी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल. परवान्याच्या अटीप्रमाणे उत्पादकाने दर सहा महिन्यांनी चाचणी करायची असतेच, तेव्हा अहवाल मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. अहवालावर बॅच नंबर आहे का, शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा आणि अफलाटॉक्सिन यांचे आकडे आहेत का, हे पाहावे. नुसते ‘पास’ लिहिलेल्या कागदाला अर्थ नाही. तिसरी, मालात अमिनो आम्ले वेगळी घातली असतील तर त्यांचे प्रमाण. कलम ४० खाली गिऱ्हाइकालाही फी भरून माल तपासून घेण्याचा हक्क आहे, हे दुकानदाराने ध्यानात ठेवावे.

हलालच्या शिक्क्याबाबत थोडा गैरसमज आढळतो. व्हे प्रोटीन चीजच्या निवळीपासून होते. दूध फाडताना वापरलेले रेनेट वासराच्या जठरातले की जंतूजन्य, कॅप्सूलचे जिलेटीन कशाचे, हे प्रश्न त्या प्रमाणपत्राचे. शिसे किती, हे त्यात येत नाही. दोन्ही कागद वेगळे मागावे लागतात.

पाच किलोची गोणी फोडून पिशव्यांत सुटी पावडर विकण्याची पद्धत काही जिममध्ये आहे. असे करणारा कायद्याने पॅकिंग करणारा ठरतो, त्याचा परवाना वेगळा. शिवाय बॅच नंबर आणि मुदत गोणीवर राहते आणि पिशवी कोरी जाते. गिऱ्हाइकाला त्रास झाला तर कोणत्या बॅचमुळे, हे शोधायचा मार्गच बंद. हे बंद करणेच बरे.

राहिले भंगारवाले बंधू. नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे झाकणासह, स्टिकर न फाटलेले, वजनाच्या भावापेक्षा कितीतरी जास्त देऊन कोणी मागत असेल, तर ते प्लास्टिकसाठी नाहीत, पुन्हा भरण्यासाठी आहेत. अशा डब्यांत काय भरले जाते याची चाचणी कोणी करत नाही. म्हणून डबा गोदामात आला की झाकण वेगळे करावे, तळाला भोक पाडावे, लेबलवर सुरी फिरवावी आणि मगच तो वजनावर द्यावा. जिमवाल्यांनीही रिकामा डबा बाहेर टाकण्यापूर्वी हेच करावे.