पनीरबंद : एक संकटग्रस्त वन्य क्षुप

बाजारात ‘पनीर फूल’ किंवा ‘पनीर डोडी’ या नावाने मिळणारे द्रव्य अनेक मधुमेही रुग्ण स्वतःहून घेतात. वस्तुतः हे फूल नसून फळ आहे, व त्यात बी असते. हा भेद औषधविक्रेत्यांनी विशेष ध्यानी घ्यावयास हवा.

परिचय : कंटकारी कुलातील (सोलॅनेसी) या क्षुपाचे शास्त्रीय नाव विथानिया कोॲग्युलन्स असे असून ते अश्वगंधेच्याच प्रजातीतील आहे. काही ग्रंथकार यासच ऋष्यगंधा मानतात. अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब व राजस्थानचा शुष्क प्रदेश हे याचे निवासस्थान होय. फळातील विकरामुळे दूध गोठते. म्हणूनच ‘पनीरबंद’ हे नाव पडले.

ओळख : क्षुप सुमारे २ ते ४ फूट उंच, राखाडी लवयुक्त असते. पाने लांबट व जाडसर, फुले पिवळसर. फळ लाल, गुळगुळीत असून चिवट, लवयुक्त पुष्पकोषाने घट्ट वेढलेले असते. अश्वगंधेचा पुष्पकोष मात्र पातळ व फुगीर असतो.

ऱ्हासाची कारणे : या वनस्पतीत नर व मादी क्षुपे भिन्न असतात. जवळपास नर क्षुप नसल्यास मादी क्षुपास फळ धरणे दुरापास्त होते. अशा स्थितीत जी थोडी फळे धरतात, तीच बाजारासाठी खुडली जातात. परिणामी नवी रोपे उगवत नाहीत. अश्वगंधेची शेती नीमच-मंदसौर परिसरात मोठ्या प्रमाणावर होते. हिचा पुरवठा मात्र प्रामुख्याने वन्य क्षुपांवरच अवलंबून आहे.

कर्तव्य : खरेदी करताना माल लागवडीचा की वन्य, हे व्यापाऱ्यास अवश्य विचारावे. औषधी उद्यानात लागवड करताना अनेक रोपे एकत्र लावावीत, म्हणजे नर-मादी दोन्ही लाभतील. प्राण्यांवरील प्रयोगांत फळाने रक्तशर्करा घटल्याचे आढळले असले तरी मानवावरील पुरावा अद्याप तोकडा आहे. आधुनिक मधुमेहविरोधी औषधे घेणाऱ्या रुग्णास हे द्रव्य सरसकट देऊ नये. शर्करा अतिप्रमाणात घटण्याचा संभव असतो. अनाठायी वापर टळला, तर रुग्ण व वनस्पती या दोहोंचेही रक्षण होईल.