औषधाची परीक्षा

(नवे औषध रुग्णांना द्यावे की नाही, हे कसे ठरते? जठराच्या कर्करोगावरील एका औषधाच्या उदाहरणातून ही माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा फक्त तुमचीच असते असे समजू नका. औषधालाही परीक्षा द्यावी लागते. ती तीन तासांत संपत नाही, तिला कित्येक वर्षे लागतात. डॉक्टर तिला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. आपण तिला औषधाची चाचणी म्हणू.

जठर म्हणजे पोटातील अन्नाची पिशवी. तेथे झालेला कर्करोग सुरुवातीला सहसा ओळखू येत नाही. भूक मंदावते, पोटात जळजळते, दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. घरातली माणसे म्हणतात, पित्त झाले असेल. असे महिने निघून जातात. मग वजन घटते, तपासणी होते आणि तोवर रोग पुष्कळदा यकृतापर्यंत पसरलेला असतो. अशा वेळी शस्त्रक्रिया करून तो पूर्ण काढता येत नाही. मग केमोथेरपीची औषधे देतात. त्यांतली बरीचशी सलाईनमधून दिली जातात.

ही औषधे वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी मरतात, तशा केसांच्या मुळाशी असलेल्या निरोगी पेशीही मरतात. म्हणून केस गळतात, तोंड येते. आपल्या नाशिक जिल्ह्यात कांद्याचे शेत कोणी पाहिले नाही? तणावर सगळ्याच वनस्पती मारणारे औषध सरसकट फवारले, तर कांद्याची पातही करपते. खुरपे घेऊन बसलेली बाई मात्र तण ओळखते आणि तेवढेच उपटते. शास्त्रज्ञांना असे खुरपे हवे होते. अशा औषधाला लक्ष्यवेधी औषध म्हणतात.

काही रुग्णांच्या कर्करोगाच्या पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन फार मोठ्या प्रमाणात असते. ‘वाढ, वाढ’ असा हुकूम ते पेशीला देत राहते. ट्रास्टुझुमॅब नावाचे औषध नेमके त्यालाच चिकटते आणि तो हुकूम अडवते. स्तनाच्या कर्करोगात हे औषध आधीच उपयोगी ठरले होते. जठराच्या कर्करोगात ते चालेल का, हे पाहण्यासाठी ‘टोगा’ नावाची चाचणी झाली. २००५ ते २००८ या काळात २४ देशांतील रुग्ण तिच्यात सामील झाले. त्या देशांत भारतही होता.

प्रथम रुग्णांच्या गाठीचा तुकडा तपासला. शंभरातील सुमारे बावीस जणांमध्येच हर-टू वाढलेले आढळले. बाकीच्यांना या औषधाचा उपयोग नव्हता. शेवटी ५९४ रुग्ण निवडले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला केवळ केमोथेरपी, दुसऱ्याला केमोथेरपी आणि नवे औषध. कोणालाही विनाऔषध ठेवले नाही. कोण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टरांनी ठरवले नाही. ते चिठ्ठी टाकावी तसे ठरले. डॉक्टरही माणूसच! त्यांच्यावर सोपवले असते, तर जरा धडधाकट रुग्णांना नवे औषध मिळाले असते आणि गुण औषधाचा की प्रकृतीचा, हे कळलेच नसते.

२०१० साली निकाल प्रसिद्ध झाला. केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण ११.१ महिन्यांहून अधिक जगले. नव्या औषधाच्या गटात हाच आकडा १३.८ महिने होता. फरक २.७ महिन्यांचा. ज्यांच्या पेशींवर हर-टू अधिक ठळक होते, त्यांच्यात हे आकडे ११.८ आणि १६ महिने असे होते. अशा बातमीला कोणी ‘चमत्कार’ असा मथळा दिला, तर तो मला पटणार नाही. रोग बरा झाला नव्हता. पण २.७ महिने म्हणजे रमजान ईदपासून बकरी ईदपर्यंतच्या काळाहूनही थोडा अधिक काळ. ज्या घरात आजारी माणूस आहे, त्या घराला याची किंमत विचारा. हे औषध काहींच्या हृदयाला त्रास देते, म्हणून उपचार चालू असताना हृदयाची तपासणी करत राहावी लागते. त्याच वर्षी युरोप व अमेरिकेत जठराच्या कर्करोगासाठी त्याला मंजुरी मिळाली.

सगळीच औषधे उत्तीर्ण होत नाहीत. लॅपॅटिनिब हे औषधही हर-टूवरच काम करते, पण जठराच्या कर्करोगाच्या चाचणीत ते रुग्णांचे आयुष्य वाढवू शकले नाही. हा निकालही छापला गेला, हे बरे झाले.

मुंबईच्या परळ भागात १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय अशा चाचण्यांसाठी प्रसिद्ध आहे. आता त्यासाठी प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागतेच असे नाही. नाशिकच्या मानवता कर्करोग केंद्रातही औषधांच्या चाचण्या होतात.

समजा, जुन्या नाशिकमधील किंवा मालेगावातील एखाद्या दादींना डॉक्टरांनी विचारले, “तुम्ही चाचणीत भाग घ्याल का?” त्यांच्यापुढे संमतीपत्र येते. आपण घरी ज्याला रजामंदी म्हणतो, तीच ही संमती. भारतात २०१९ साली यासाठी नवे नियम लागू झाले. त्यांनुसार संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत असले पाहिजे. दादींना उर्दूच समजत असेल, तर उर्दूत मागावे. त्यात संकोच कसला? औषधाचे धोके कोणते, दुसरे उपचार कोणते, हे विचारावे. नको वाटले तर नाही म्हणता येते. मध्येच सोडूनही देता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली, तर उपचार मोफत द्यावे लागतात आणि भरपाईही द्यावी लागते.

दादींना लिहिता-वाचता येत नसेल, तर नुसता अंगठा घेऊन चालत नाही. डॉक्टर समजावून सांगत असताना, चाचणीशी संबंध नसलेला एक त्रयस्थ साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेथे हजर असावा लागतो. तोही सही करतो.

शब्दार्थ : सरसकट – निवड न करता, लक्ष्यवेधी – नेमका निशाणा साधणारे, त्रयस्थ – कोणत्याही बाजूचा नसलेला.

स्वाध्याय
१. रुग्णांचे गट डॉक्टरांनी स्वतः का पाडले नाहीत?
२. ‘खुरपे’ आणि ‘फवारा’ यांतील फरक लेखकाने कशासाठी सांगितला आहे?
३. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी दादींनी डॉक्टरांना विचारावेत असे चार प्रश्न मराठीत लिहा. तेच घरी उर्दूत विचारून पाहा.